हॉकिंगवरची १९९१ची डॉक्युमेंटरी: व्हीलचेअरपाशी थांबू नका, पुढे बघा

सड्यावरचा (धागाकर्ता)

एरल मॉरिसने स्टीफन हॉकिंगवर केलेली डॉक्युमेंटरी इथे कोणी बघितली आहे का? हॉकिंगच्या १९८८च्या पुस्तकाचंच नाव आहे तिला, 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम', पण पुस्तक वाचून दाखवणारी फिल्म नाही ती. सुरुवातच चांदण्यांनी भरलेल्या आभाळापुढे एका कोंबडीच्या डोक्याने होते, आणि तो मशीनचा आवाज विचारतो की आधी काय, कोंबडी की अंडं, विश्वाला सुरुवात होती का, आणि असेल तर त्याच्या आधी काय होतं. मग आई बोलते, बहीण बोलते, मित्र बोलतात, रॉजर पेनरोज आणि जॉन व्हीलर हे भौतिकशास्त्रज्ञ, त्याचा गाईड डेनिस शियामा, आणि मधेमधे हॉकिंग स्वतः. फिलिप ग्लासचं संगीत फार आवडलं मला, तेच तेच फिरून येतं पण कंटाळा येत नाही. दीड तासाच्या आत संपते.

आमच्या गावच्या वाचनालयात (देवगड तालुका) गेल्या शनिवारी दाखवली, पडवीत चादर ताणून बांधली आणि प्रोजेक्टर एकाने आणला. माणसं चांगली जमली, दहावी अकरावीची पोरं, निवृत्त शिक्षक, फवारणी उरकून हातपाय धुऊन थेट आलेले बागायतदार. इंग्रजी सगळ्यांना झेपणारं नव्हतं म्हणून मी पॉज करून करून मराठीत सांगत होतो.

संपल्यावर एका वडीलधाऱ्यांनी पोरांना उभं राहून सांगितलं की बघा, बोट हलत नाही तरी माणूस कुठे पोचला आणि तुम्हाला सगळं धडधाकट असून अभ्यास नको. टाळ्या झाल्या, चहा झाला, सगळे घरी. तो माणूस नेमकं काय शोधून गेला हे एकाही पोराने विचारलं नाही आणि विचारावं असं त्यांना कोणी सुचवलंही नाही, आणि हे मला फार लागलं. जिद्द वगैरे ठीक आहे हो, पण ज्या गोष्टीसाठी तो जगला तीच बाजूला ठेवून आपण त्याच्या खुर्चीला हार घालतो. म्हणून हा धागा. त्यातली एकच गोष्ट सांगतो, १९७० ते १९७४ची, कारण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम तेच.

१९७०च्या शेवटाला त्याच्या लक्षात आलं की कृष्णविवराचं क्षितिज, म्हणजे जिच्या आत गेलं की प्रकाशही परत येत नाही ती हद्द, तिचं क्षेत्रफळ कधीच कमी होत नाही. दोन विवरं एकमेकांत मिसळली तरी नव्या विवराचं क्षेत्रफळ आधीच्या दोघांच्या बेरजेच्या खाली जात नाही. आता हे वाक्य वाचलं की फिजिक्स शिकलेल्याला लगेच एंट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) आठवते, बंदिस्त गोष्टीत तीही कधी कमी होत नाही. प्रिन्स्टनला व्हीलरचा एक विद्यार्थी होता, याकोब बेकेनस्टाइन, त्याने १९७२ मध्ये सरळ मांडलं की हे नुसतं साम्य नाही, क्षेत्रफळ म्हणजेच कृष्णविवराची एंट्रॉपी. हॉकिंगला ते अजिबात पटलं नाही, आपल्या सिद्धांताचा गैरवापर केला असंच वाटलं त्याला. मुद्दा बिनतोड होता त्याचा. एंट्रॉपी आहे म्हणजे तापमान आहे, तापमान आहे म्हणजे त्यातून काहीतरी बाहेर पडलंच पाहिजे, आणि कृष्णविवरातून तर काही बाहेर पडत नाही. संपला विषय.

पण तो विषय संपवून बसला नाही. १९७३ मध्ये मॉस्कोला गेला, तिथे झेलदोविच आणि स्टारोबिन्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी फिरणाऱ्या विवरातून कण बाहेर पडतील असं काम केलं होतं, त्याला त्यांची पद्धत पटली नाही म्हणून परत येऊन स्वतःच्या पद्धतीने गणित मांडलं, तर न फिरणाऱ्या विवरातूनही किरणोत्सर्ग येतोय असं दिसायला लागलं, म्हणजे नको असलेलंच उत्तर, आणि तेही अगदी बेकेनस्टाइनला हवं होतं तसं, तापलेल्या वस्तूतून येतं तसं. मार्च १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. ज्याला खोडायला निघाला त्याचंच म्हणणं स्वतःच्या हाताने सिद्ध करून दिलं. पोरांना सांगायची गोष्ट ही आहे.

सूत्र आहे त्याचं, एका ओळीचं. त्यात प्लांकचा स्थिरांक येतो (क्वांटम), प्रकाशाचा वेग येतो (सापेक्षता), न्यूटनचा G म्हणतात तो गुरुत्वस्थिरांक येतो आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक येतो (उष्णता). हे सगळे इथे एका ओळीत एकत्र नांदतात. वस्तुमान छेदात आहे, म्हणून विवर जितकं मोठं तितकं थंड. २०१८ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटन आणि डार्विनच्या शेजारी त्याची रक्षा पुरली, त्या दगडावर हेच सूत्र कोरलंय.

बोला.

---

नाखवा

वाखु (वाचनखूण) साठवली. फिल्म बघितली नाही, पण धाग्यामुळे बघणार.

अवांतर: आकाशाचा विषय निघालाच आहे तर हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला ना? साहेबाचे ओटे अजून आहेत तिथे, १८ ऑगस्टला कार्यक्रमही होतो.

---

फिजिक्सवाली मॅडम

@नाखवा, १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण कोकण किनाऱ्यावरून आत गेलं हे बरोबर आणि कार्यक्रम होतो तो चांगलाच आहे, पण सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरला बघितली, आणि लॉकियर, म्हणजे तुमचा तो साहेब, त्या वेळी इंग्लंडमध्ये होता, त्याने २० ऑक्टोबरला ग्रहण नसतानाच तिथून बघितली. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं, रॅम्झेने शोधला. वेगळा धागा काढा, मी लिहीन तिथे.

@सड्यावरचा, लेख आवडला, फक्त या कथेत आपली माणसं राहिली. पेनरोजने १९६५ मध्ये तारा कोसळला की एकलत्व म्हणजे सिंग्युलॅरिटी (जिथे घनता अनंत होते ती अवस्था) टळत नाही हे सिद्ध केलं, आणि हॉकिंगने पीएचडीत तेच उलटं फिरवून सगळ्या विश्वाला लावलं, म्हणजे मागे मागे गेलं की सुरुवातीला एकलत्व येतंच. या दोघांच्याही कामाच्या मुळाशी एक समीकरण आहे, ते १९५५ मध्ये कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी मांडलं. आणि विवर किरण सोडत सोडत झिजतंय हे गणितात दाखवायला लोक प्र. चु. वैद्यांची १९४३ची मेट्रिक (अवकाश-काळाची अंतरं सांगणारं सूत्र) वापरतात. वैद्य तेव्हा बनारसला वि. वा. नारळीकरांकडे काम करत होते, म्हणजे आपल्या जयंतरावांचे वडील. मी रत्नागिरीत बारावीला शिकवते, ही नावं मुलांना सांगितली की वर्गात लगेच फरक दिसतो.

---

खाडीपलीकडे

मॅडम, नारळीकरांचा विषय काढलात म्हणून विचारतो, ते आणि हॉकिंग केंब्रिजला एकाच वेळी होते ना?

---

फिजिक्सवाली मॅडम

हो, आणि त्यात एक खरी घडलेली गोष्ट आहे. हॉकिंग १९६२ मध्ये केंब्रिजला आला तो फ्रेड हॉयल या खगोलशास्त्रज्ञाकडे पीएचडी करायची म्हणून. हॉयलकडे जागा नव्हती, त्याला शियामा मिळाले, आधी हिरमुसला पण पुढे तेच बरं झालं असं त्याने स्वतः लिहिलंय. नारळीकर हॉयलचेच विद्यार्थी. हॉयलचा स्थिर स्थिती सिद्धांत होता १९४८चा, विश्वाला सुरुवातच नाही, ते प्रसरण पावतं आणि मधल्या जागेत नवीन द्रव्य निर्माण होत राहतं. १९६४ मध्ये हॉयल आणि नारळीकरांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, त्यात प्रत्येक कणाचं वस्तुमान विश्वातल्या बाकी सगळ्या कणांमुळे ठरतं. हॉयल लंडनला रॉयल सोसायटीत त्यावर बोलले. बोलणं संपल्यावर काठी टेकत एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला की तुमची बेरीज अनंत येते. बाविशीतला हॉकिंग. त्याने ते आधीच करून बघितलं होतं, कारण नारळीकरांची आकडेमोड त्याला बघायला मिळत होती. हॉयल चिडले, पण गणित हॉकिंगचं बरोबर होतं.

मला यात नारळीकरांचं मोठेपण जास्त दिसतं. वही मिटून ठेवली नाही त्यांनी. आणि पुढे १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण (महास्फोटाची उरलेली ऊब) सापडल्यावर बहुतेक सगळे महास्फोटाकडे गेले तरी ते शेवटपर्यंत, म्हणजे मे २०२५ मध्ये जाईपर्यंत, प्रश्न विचारत राहिले. मी स्वतः महास्फोटच मानते, पुरावा तिकडे आहे. पण एकट्याने उलट बाजूला उभं राहायला काय लागतं ते मुलांना कळायला हवं.

---

सुरंगीचा वळेसार

धागा चांगला आहे पण मला काही पटलं नाही त्यामुळे लिहितेय.

माझ्या बाबांना मोटर न्यूरॉन आजार होता, हॉकिंगला होता तोच. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला, न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे गोवा नाहीतर कोल्हापूर. बोलणं गेल्यावर आम्ही पुठ्ठ्यावर बाराखडी लिहिली होती, मी बोट फिरवायची आणि बरोबर अक्षराला आले की बाबा डोळे मिटायचे, मग काना की मात्रा त्यासाठी परत दुसरी ओळ. 'पंखा बंद कर' एवढं म्हणायला किती वेळ जायचा ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. १९८५ मध्ये न्यूमोनिया होऊन हॉकिंगच्या गळ्याला छेद दिला, आवाज कायमचा गेला, त्यानंतर तोसुद्धा असाच अक्षरांच्या कार्डावर भुवया उचलून एकेक अक्षर सांगायचा, कॉम्प्युटर नंतर आला. आणि तो आला तरी मिनिटाला पंधराएक शब्द.

तुम्ही म्हणता आजारापाशी थांबू नका. पण आजार आणि काम असे दोन डबे वेगळे नसतात हो. तुम्ही क्षेत्रफळाचा जो शोध सांगितलात तो त्याला रात्री झोपायला जाताना सुचला, आणि त्याने स्वतःच लिहिलंय की आजारामुळे अंथरुणात शिरायलाच खूप वेळ लागायचा म्हणून विचार करायला सवड मिळाली. हात चालत नव्हते म्हणून समीकरणं लिहिणं सुटलं आणि तो आकृत्यांमध्ये, भूमितीत विचार करायला लागला. मग हे विज्ञान नाही का?

माझी फिल्मवरची तक्रार वेगळीच आहे. तिच्यात त्याची बायको जेन नाही. १९६३ मध्ये डॉक्टरांनी दोन वर्षं दिलेली असताना तिने १९६५ मध्ये लग्न केलं, तीन मुलं, नवऱ्याचं खाणं-पिणं-उठवणं, आणि ती कॅमेऱ्यासमोर बोलतच नाही. १९८५ नंतर चोवीस तास नर्स लागायच्या, त्यांचे पैसे अमेरिकेतल्या एका फाउंडेशनकडून यायचे. विश्वाचा विचार करायला मोकळा वेळ कोणीतरी विकत घेऊन दिला होता त्याला. आमच्याकडे तो वेळ आई देत होती.

---

चाकरमानी परळ

सुरंगीताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. दंडवत तुमच्या आईंना.

---

सड्यावरचा

@सुरंगीचा वळेसार, मनापासून लिहिलंत. भूमितीत विचार करायला लागला हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तसं सांगितलं तर पोरं आजारातून थेट विज्ञानाकडेच जातील. माझा राग आजार सांगण्यावर नाहीच, तो सांगून झाला की पुस्तक मिटतात त्यावर आहे. 'दोन वर्षं दिली होती आणि पंचावन्न वर्षं जगला' हे आमच्या पडवीत सगळ्यांना पाठ होतं, पण त्या पंचावन्न वर्षांत काय केलं ते विचारलं तर कोणालाच सांगता आलं नसतं. जेनचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, फिल्ममधली ती मोठी उणीव आहे.

---

वेंगुर्लेकार

माका एक कळाक नाय. त्या इवरातसून उजेडच भायर येना नाय म्हणतास, मगे ही ऊब कशी भायर येता? सड्यावरच्यान लिवल्यान बरा, पण हयसरच माझी गाडी अडकता. कोणी तरी सोप्या भाषेत सांगशात काय?

---

फिजिक्सवाली मॅडम

@वेंगुर्लेकार, अगदी योग्य जागी अडकलात, १९७४ मध्ये हॉकिंग हे सांगायला उभा राहिला तेव्हा ऐकणारेही तिथेच अडकले होते आणि अध्यक्षांनी तर हे सगळं चूक आहे असं तिथल्या तिथे म्हटलं होतं.

पुस्तकांत असं देतात की रिकामी जागा खरी रिकामी नसते, त्यात कण-प्रतिकणांच्या जोड्या क्षणभर जन्मतात आणि एकमेकांना मिटवतात. क्षितिजाच्या अगदी कडेला अशी जोडी आली तर एक आत पडतो, दुसरा निसटतो. निसटणारा आतून आलेलाच नाही, तो हद्दीच्या बाहेरच होता. आणि त्याची ऊर्जा शेवटी विवराच्या वस्तुमानातून वळती होते म्हणून विवर झिजतं. म्हणजे तुमचं वाक्यही खरं राहतं, आतून काही बाहेर येत नाही.

पण हे चित्र समजुतीपुरतं आहे आणि हॉकिंगनेच ते तसं सांगितलंय. खरं गणित वेगळं आहे. तारा कोसळून विवर व्हायच्या आधीची 'रिकामी जागा' आणि झाल्यानंतर दूरवरून बघणाऱ्याची 'रिकामी जागा' या एक राहत नाहीत, आधीच्याला ज्यात काहीच दिसत नव्हतं त्यातच नंतरच्याला कण दिसतात. हे पचायला वेळ लागतो, माझे एमएस्सीचे महिने गेले त्यात.

---

खाडीपलीकडे

मग एवढं सगळं असून नोबेल का नाही मिळालं त्याला? पेनरोजना २०२० मध्ये मिळालं की.

---

सड्यावरचा

कारण ती ऊब आजपर्यंत कोणी मोजलेली नाही. सूर्याएवढ्या वस्तुमानाचं विवर घ्या, त्याचं तापमान येतं एका अंशाच्या दीड कोटीव्या भागाच्याही खाली, आणि आजूबाजूचं सगळं अवकाश २.७ केल्विनवर आहे. म्हणजे ते विवर देतं त्यापेक्षा घेतंच जास्त. पूर्ण झिजायला लागणारी वर्षं म्हणजे एकावर ६७ शून्यं, विश्वाचं वय अवघं १३८० कोटी. एकच आशा होती, विश्वाच्या सुरुवातीला डोंगराच्या वजनाची पण प्रोटॉनएवढ्या आकाराची विवरं तयार झाली असतील तर ती आत्ताच्या काळात फुटताना गॅमा किरणांत दिसावीत. शोधतायत, सापडलेली नाहीत. हॉकिंग १४ मार्च २०१८ला गेला, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत.

पण क्षेत्रफळाचं म्हणणं मात्र पडताळलं गेलं. १४ सप्टेंबर २०१५ला लायगोने (अमेरिकेतली गुरुत्वीय लहरींची वेधशाळा) ज्या लाटा पकडल्या त्यात सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट अशी दोन विवरं मिसळून ६२ पटीचं एक झालं, तीन सूर्यांएवढी ऊर्जा लाटांमध्ये गेली. वस्तुमान घटलं, क्षेत्रफळ वाढलं. २०२१ मध्ये त्याच नोंदी नीट तपासून हे मांडलं आणि जानेवारी २०२५च्या एका जास्त स्पष्ट लाटेने ते अजून पक्कं केलं. अंथरुणात शिरताना सुचलेली गोष्ट, पन्नास वर्षांनी मोजली! आपल्याकडे हिंगोलीला लायगोचं केंद्र होतंय, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. आत्ता आमच्या पडवीत बसलेली पोरं तिथे कामाला जाऊ शकतील अशा वयाची आहेत, म्हणून माझी एवढी तळमळ.

---

चाकरमानी परळ

फिल्ममध्ये शेवटी ते 'विश्वाला कडा नाही' म्हणतात ते काय आहे? पुस्तकात दोनदा वाचलं, डोक्यावरून गेलं.

---

सड्यावरचा

१९८३ मध्ये त्याने आणि जेम्स हार्टलने मांडलं ते. आधी स्वतःच सिद्ध केलं होतं की सुरुवातीला एकलत्व असणार, तिथे सगळे नियम कोलमडतात. मग क्वांटम धरलं तर काय होतं ते बघितलं. त्यांचं म्हणणं असं की अगदी सुरुवातीला काळ हा काळासारखा राहत नाही, अवकाशाच्या दिशेसारखा वागतो, त्यामुळे सुरुवातीचा असा तुटलेला काठच उरत नाही. त्याचाच दाखला सांगतो, दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय आहे असं विचारता येत नाही, तसं त्याच्या आधी काय होतं हेही विचारता येत नाही. हे सिद्ध झालेलं नाही, प्रस्ताव आहे, त्यावर आजही भांडणं चालू आहेत. मला मात्र ते फार देखणं वाटतं.

अजून एक. फिल्म दाखवायची असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीला ठेवा. आमच्याकडे नंतर चार जण सड्यावर गेलो, आठच्या सुमाराला हंस तारकासमूह वायव्येला समुद्राच्या बाजूला चोच खाली करून उभा असतो. त्याच्या मानेत मधोमध एक तारा आहे, त्याच्या अगदी जवळ सिग्नस एक्स-१ हे कृष्णविवर. विवर दिसत नाही अर्थात, पण जागा दाखवता येते. याच्यावरूनच हॉकिंगने किप थॉर्न या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाशी १९७४ मध्ये पैज लावली होती की ते कृष्णविवर नाही, आणि १९९० मध्ये हार मान्य केली. एक अकरावीतली मुलगी तिथे पहिल्यांदा बोलली. म्हणाली, ज्यावर आपण आयुष्यभर काम करतोय ते नाहीच अशी पैज कोण लावतो? मी म्हटलं, खोटं ठरलं तर निदान पैज तरी जिंकली असं होईल म्हणून, त्याने स्वतःच तसं सांगून ठेवलंय. मग ती तापमानाचं विचारायला लागली आणि अंधारात कागद नव्हता.

---

वेंगुर्लेकार

मॅडम, आता थोडा थोडा कळला. भायरचोच कण तो, ह्या ध्यानात ठेवतंय.

---

फिजिक्सवाली मॅडम

@सड्यावरचा, त्या मुलीला सांगा की सूत्र बारावीच्या मुलांनाही हाताने सोडवता येतं, चार स्थिरांक आणि एक वस्तुमान, कॅल्क्युलेटर असला की झालं. आधी सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या विवराचं तापमान काढायचं, मग डोंगराएवढ्या विवराचं, मग दोन्ही शेजारी लिहून बघायचं. पुढच्या वेळी फिल्मच्या आधी अर्धा तास द्या, चादरीशेजारी एक फळा ठेवा, मी रत्नागिरीहून येते. आणि सुरंगीताई, तुम्हाला जमलं तर तुम्हीही या, तो बाराखडीचा पुठ्ठा घेऊन.

---

सुरंगीचा वळेसार

पुठ्ठा आहे अजून. तारीख कळवा.

---

सड्यावरचा

वाचनालयाशी बोलून इथेच टाकतो. शनिवारी बागेतले लोक उशिरा येतात, रविवार धरू, संध्याकाळी पाच. फळा शाळेतून मागून घेतो.